अप्लाइड सायकॉलॉजीसाठी नोकरी सोडायची का? फीच्या पुढचा हिशोब

तुमचा मेल दोनदा वाचला, सोबतची शीटपण नीट बघितली. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वय 34, एचआरमध्ये 9 वर्षं, अप्लाइड सायकॉलॉजीच्या मास्टर्सला दोन वर्षं फुल टाइम ॲडमिशन मिळतेय आणि फी साधारण तुमच्या 10 महिन्यांच्या पगाराएवढी. निम्मी फी बचतीतून, निम्मी लोन काढून, कमी पडलं तर मुलीच्या शिक्षणाच्या फंडातून "फक्त दोन वर्षांपुरतं" घ्यायचं, आणि पास झालात की स्वतःची काउन्सेलिंग प्रॅक्टिस. घरखर्चाच्या 60 टक्के तुमच्या मिस्टरांच्या पगारातून भागतो, तुमचा पगार घरखर्चाच्या 80 टक्क्यांएवढा, आणि बचत 14 महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे.

आधी उत्तर सांगून टाकते: शिका, जरूर शिका, पण या प्लॅनने नको.

शीटमध्ये खर्चाच्या कॉलमला तुम्ही फक्त फी लिहिलीये. जाणारा पगार कुठेच नाहीये. दोन वर्षांचा पगार म्हणजे 24 महिने, वर फीचे 10, म्हणजे हा कोर्स तुम्हाला 34 महिन्यांच्या पगाराला पडतोय आणि फी त्यातला एक तृतीयांशसुद्धा नाही. आता बचतीचं बघा. निम्मी फी म्हणजे 5 पगार, म्हणजेच 4 महिन्यांचा घरखर्च, तो गेला की उरतात 10. दर महिन्याला 40 टक्के कमी पडणार, म्हणजे हे 10 महिने ताणून 25 महिने पुरतील. कोर्स 24 महिन्यांचा. रिझल्ट हातात येईल त्याच सुमाराला खातं रिकामं झालेलं असेल, आणि हे सुद्धा मधे कुणी आजारी पडलं नाही, फ्रीज बंद पडला नाही असं धरून. ऑफिसचा मेडिक्लेमही नोकरीबरोबर जातो, त्याची ओळ शीटमध्ये टाका.

आणि नेमका तिथूनच हप्ता सुरू होतो. बँकेने 10 टक्के व्याज लावलं आणि पहिली दोन वर्षं हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं, 100 चे 120 होतात, मग 7 वर्षांत फेडायचं म्हटलं तर दर 100 ला एकूण 167 च्या आसपास जातात. तुमच्या बाबतीत तो हप्ता घरखर्चाच्या 8 टक्के. ऐकायला कमी वाटतो, पण तो 7 वर्षं चालणारे आणि सुरू होताना तुमच्याकडे पगार नसणारे.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती "पास झाल्यावर प्रॅक्टिस" या वाक्याची. अप्लाइड सायकॉलॉजी ही मोठी छत्री आहे, तिच्याखाली इंडस्ट्रियल, स्कूल, काउन्सेलिंग, क्लिनिकल, फॉरेन्सिक, स्पोर्ट्स असं सगळं येतं, आणि डिग्रीवरचं नाव एकच असलं तरी ती मिळाल्यावर तुम्हाला काय काम करता येईल हे प्रत्येक शाखेत वेगळं. ऑस्ट्रेलियात सायकॉलॉजिस्ट हा शब्दच नोंदणीशिवाय लावता येत नाही. ब्रिटनमध्ये नुसता तो शब्द चालतो, पण क्लिनिकल, काउन्सेलिंग, ऑक्युपेशनल असं पुढे लावायचं तर नोंदणी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत स्वतंत्र सायकॉलॉजिस्ट व्हायला डॉक्टरेट लागते, आणि मास्टर्सवर काउन्सेलर व्हायचं तरी कुणाच्या तरी देखरेखीखाली तास भरावे लागतात, कॅलिफोर्नियात तर 3,000. आठवड्याला 25 तास धरले तरी 120 आठवडे झाले. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल या सरकारी संस्थेची नोंदणी हवी, त्याला अप्लाइडचं साधं मास्टर्स पुरत नाही. म्हणजे थेरपीच करायची असेल तर तुमचा प्लॅन दोन वर्षांचा नाही, चारच्या पुढचा आहे, आणि नंतरच्या दोनात पैसे अगदी बेताचे मिळतात. (इंग्लंडमध्ये क्लिनिकलची डॉक्टरेट करणाऱ्यांना तिथली सरकारी आरोग्यसेवा फी भरून वर पगार देते, त्यामुळे सगळं स्वतःच्या खिशातून हा एकच रस्ता असतो असं नाही.)

प्रॅक्टिसचं उत्पन्न तुम्ही पहिल्या महिन्यापासून आठवड्याला 30 सेशन धरलंय. माझ्या एक क्लायंट काउन्सेलर आहेत, त्यांची पहिल्या वर्षाची डायरी आम्ही दोघींनी टेबलावर उघडून मोजली होती. पेन्सिलने लिहिलेली नावं, त्यातली बरीचशी खोडलेली, शेजारी बारीक अक्षरात "पुढच्या आठवड्यात", आणि सरासरी निघाली आठवड्याला 6. सेशन 50 मिनिटांचं, त्यानंतर नोट्स, मग दर पंधरा दिवसांनी सीनियरकडे सुपरव्हिजन आणि त्याचे पैसे यांनीच द्यायचे. बाई कामात उत्तम आहेत, आज त्यांचं छान चाललंय, पण ते वर्ष त्यांनी आधीच बाजूला ठेवलेल्या पैशावर काढलं, आणि तुमच्या प्लॅनमध्ये तेव्हा काहीच उरत नाही.

मग करायचं काय? तुमची 9 वर्षं एचआरची आहेत, ती टाकून देऊ नका. इंडस्ट्रियल-ऑर्गनायझेशनल ही अप्लाइडचीच शाखा, निवड, ट्रेनिंग, टेस्टिंग, लोक नोकरी का सोडतात, हेच तुम्ही रोज बघता. ठरलेले प्रश्न सगळ्यांना सारखे विचारलेला इंटरव्ह्यू गप्पांसारख्या इंटरव्ह्यूपेक्षा जास्त भरवशाचा असतो, हे संशोधनात परत परत दिसलंय, आणि हे कळलेला माणूस कंपनीला हवा असतो. इथे बहुतेक वेळा लायसन्सवाचून काम अडत नाही.

हाच विषय पार्ट टाइम, तीन वर्षांत, नोकरी चालू ठेवून केलात तर बघा काय होतं. तुम्ही आत्ता पगारातले निम्मे बाजूला टाकता. फी तेवढीच धरली तर 36 महिन्यांत दरमहा पगाराच्या 28 टक्के. उरलेले 22 टक्के मुलीच्या फंडात आणि निवृत्तीत जात राहतात. लोन नाही, 14 महिन्यांची बचत जागच्या जागी. कंपनी फीतला काही भाग देते का हेही विचारा, मागायला लाजू नका.

दमणार तुम्ही, ते खरंय. संध्याकाळी लेक्चर, रविवारी स्टॅटिस्टिक्स, मुलगी शेजारी तिचा होमवर्क घेऊन बसलेली. पण दमणं आणि कर्जात अडकणं यात मी कधीही दमणं निवडीन.

तुम्ही लिहिलंय की सीटसाठी डिपॉझिट भरलंय म्हणून आता मागे फिरता येत नाही. याचा अभ्यास तुमच्याच विषयात झालाय. आर्केस आणि ब्लूमर या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवलं की नाटकांच्या सीझन तिकिटाला पूर्ण पैसे भरलेले लोक सवलतीत घेतलेल्यांपेक्षा सुरुवातीच्या महिन्यांत जास्त नाटकांना गेले, नाटकं तीच, फक्त पैसे जास्त गेले म्हणून. डिपॉझिट गेलंय ते गेलं, ते या हिशोबात धरू नका.

आणि मनापासून थेरपीच करायची असेल तर मी अडवणार नाही, ते काम फार मोलाचं आहे. फक्त मग नोकरीतच अजून दोन वर्षं काढा, बचत किमान 24 महिन्यांच्या घरखर्चापर्यंत न्या, आणि किमान चार वर्षांचा प्लॅन करून निघा.

या आठवड्यात युनिव्हर्सिटीला तीन गोष्टी लेखी विचारा: या डिग्रीवर कुठली नोंदणी थेट मिळते, कोर्समध्ये देखरेखीखालचे तास किती भरतात, आणि पार्ट टाइमला बदलता येतं का. उत्तरं आली की शीटमध्ये जाणाऱ्या पगाराची ओळ टाकून मला परत पाठवा, आणि तोवर मुलीच्या फंडाच्या फॉर्मवर सही करू नका.