डिफेंडर घेणार असाल तर आधी वीस इंची रिम उतरवा

प्रश्न असा आहे: "एक कोटीच्या आसपास बजेट आहे. दोन-तीन वर्षं वापरलेली लँड रोव्हर डिफेंडर ११० घ्यावी की जीप रँग्लर रुबिकॉन? की अजून थांबून, पैसे जमवून टोयोटा लँड क्रूझर? गाडी घेतल्यावर उंची वाढवणारं लिफ्ट किट, ऑफरोडचे टायर, रुतलेली गाडी ओढून काढणारा विंच आणि छतावर तंबू एवढं करायचं आहे."

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आधी घेतो. हे चारही करायचंच असं ठरवून बसला असाल, तर डिफेंडर घेऊ नका, रुबिकॉन घ्या. आणि मनात डिफेंडरच भरली असेल, तर त्या यादीतले टायर आणि तंबू तेवढे ठेवा, बाकीच्यांवर आत्ताच काट मारायची तयारी ठेवा. माझ्याकडे तीन वर्षांपासून डिझेल डिफेंडर ११० आहे, तीही वापरलेलीच घेतलेली. चुलतभावाकडे रुबिकॉन आहे. पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी दोन्ही गाड्या एकाच अंगणात उभ्या राहतात आणि एकाच चिखलात रुततात, त्यामुळे ब्रोशर वाचून लिहीत नाहीये.

टायरपासून सुरुवात करतो, कारण माझी फजिती तिथेच झाली. गाडी घेतल्यावरचा पहिलाच पावसाळा. गावाच्या वर आमची थोडी पड जमीन आहे. तिथवर जाणारी वाट म्हणजे बैलगाडीची जुनी चाकोरी, मधे गवतात दडलेले काळे धोंडे. गाडीला वीस इंची रिम होते, दिसायला झकास. चढ आरामात चढलो. माथ्यावर वळवून घेताना मागचं उजवं चाक एका धोंड्याच्या धारेला घासलं आणि टायरची कूस, म्हणजे बाजूची भिंत, चार बोटं फाटली. पंक्चर जमिनीला टेकणाऱ्या भागावर असेल तर पंक्चरवाला काहीतरी करतो, कूस फाटली की टायर भंगारात. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली होती, जॅक होता, पाना होता. चार नट सुटले. पाचवा सुटेना, कारण तो लॉकनट. त्याची चावी, अंगठ्याएवढा आतून नक्षी असलेला सॉकेट, मीच "हरवायला नको" म्हणून साताऱ्याच्या घरी कपाटात जपून ठेवली होती. भाऊ ती घेऊन वर येईपर्यंत अंधार पडला होता आणि मी दोन्ही पोटऱ्यांवरच्या जळवा काढत बसलो होतो.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. वीस इंची रिमवरचा टायर २५५/६० आर २०. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि कुशीची उंची तिच्या ६० टक्के, १५३ मिलिमीटर. अठरा इंची रिमवर २५५/७० आर १८ बसतो, त्याची कूस साधारण १७८. आता दोन्ही चाकांचा एकूण व्यास काढा: हाही ८१४ मिलिमीटर, तोही ८१४. म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही, चाक कमानीला घासत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला काही कळतही नाही. धातूच्या जागी एक इंच रबर आलं, एवढंच. गंमत म्हणून भावाच्या रुबिकॉनचा २५५/७५ आर १७ मोजला, तर तोसुद्धा ८१४ निघाला! फरक इतकाच की त्याच्याकडे रबर १९१. तेव्हा मला कळलं की त्याच वाटेवरून तो शिट्टी वाजवत का जातो.

हे एक इंच रबर कशाला हवं, तर हवा उतरवायला. चिखल किंवा रेती लागली की आम्ही ३५-३६ पीएसआयवरून १८-२० वर येतो. टायर बसका होतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो, गाडी रुतायच्या ऐवजी तरंगल्यासारखी जाते. कूस आखूड असेल तर हवा उतरवल्यावर रिम आणि दगड यांच्यात काही उरतच नाही. परत येताना हवा भरायला छोटा कंप्रेसर सोबत हवा, कमी हवेत डांबरी रस्त्यावर पळवू नका, टायर तापतो.

अठरा इंची हे डिफेंडरचं कारखान्यातलंच एक माप आहे, त्यामुळे आरटीओलाही त्यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. मात्र वेगवेगळ्या इंजिनांबरोबर वेगवेगळे ब्रेक येतात आणि मोठ्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकच्या जबड्यावर, लहान रिम बसत नाही. पैसे देण्याआधी एक रिम आणून, चाक हाताने फिरवून बघा. आणि पाच घ्या, चार नव्हे. स्टेपनीला जुनं चाक ठेवून ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही वाटांच्या) टायरच्या जोडीला रस्त्याचा टायर लावणारे मी पाहिलेत.

आता लिफ्ट. इथे दोन गाड्यांचा पिंडच वेगळा आहे. रुबिकॉन म्हणजे लॅडर चेसिस (बॉडीखाली शिडीसारखी वेगळी चौकट), पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि स्प्रिंग. दोन्ही अ‍ॅक्सलना डिफ-लॉक (डावं-उजवं चाक एकत्रच फिरवणारं कुलूप), ४:१ चं लो-रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराचे गिअर, बटण दाबून पुढचा स्वे-बार, म्हणजे गाडीचा झोल रोखणारी दांडी, सोडवता येतो. उंच करायची तर लांब स्प्रिंग आणि शॉक घाला. कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन, बिघडून स्टिअरिंग भटकायला लागतं, म्हणून अ‍ॅक्सल धरून ठेवणारे कंट्रोल आर्मही बदला. जुन्या जीपवर काम केलेल्या कुठल्याही मेस्त्रीला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांकडे महिंद्राची एमएम ५४० जीप होती, तिची भाषा आणि हिची भाषा बरीचशी एकच आहे.

डिफेंडरला वेगळी चेसिस नाही, अ‍ॅल्युमिनियमची मोनोकॉक बॉडी आहे. चारही चाकं स्वतंत्र आणि खाली स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. नेहमीचा ग्राउंड क्लिअरन्स २१८ मिलिमीटर, ऑफरोडचं बटण दाबलं की २९१. म्हणजे लिफ्ट किट गाडीतच बसवून आलंय, आणि हायवेला लागलात की आपोआप खाली बसतं. तरीही लोकांना आणखी उंची हवी असते. मग उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी बदलून कॉम्प्युटरला फसवतात. गाडी खाली आहे असं त्याला वाटतं, तो पिशव्यांत आणखी हवा भरतो. दिसायला गाडी रुबाबदार. पण पिशवी कायम ताणलेली, चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे कायम वाकड्या कोनात, अलाइनमेंट बिघडलेलं. पिशवीला खाली-वर व्हायला जागाच उरत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका.

छताचं सांगतो, कारण तिथे मी स्वतः पैसे घालवलेत. डिफेंडरचं छत उभ्या गाडीत ३०० किलो पेलतं, पण चालत्या गाडीत १६८. त्या १६८ मध्ये रॅकचं वजनही धरायचं. रॅक तीस किलो, तंबू साठ-पासष्ट, वर दोन जेरीकॅन आणि एक स्टेपनी टाकली की संपलं. शिवाय हे सगळं वजन डोक्यावर, तिरक्या उतारावर पोटात गोळा येतो. तंबू टाकाच, पण बाकीचं सामान आत खाली ठेवा.

मी काय केलं, तर रॅकबरोबर एलईडी बारही लावून घेतला. एका अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे गेलो, नाव घेत नाही. त्याच्या मुलाने छताच्या कडेला ड्रिलने चार भोकं पाडली, साधे लोखंडी स्क्रू पिळले आणि हेडलाइटच्या वायरमधून करंट उचलला. वायरिंगचा प्रताप त्याच संध्याकाळी कळला: डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे पेटले, दिवाळीच. या गाडीत दिव्याला जाणारा करंट कॉम्प्युटर मोजत असतो, मधेच कुणी तोंड घातलं की त्याला बिघाड वाटतो. ते निस्तरता आलं. स्क्रूचा प्रताप कळायला मात्र वर्ष लागलं. मधे दोन-तीनदा गुहागरला जाणं झालं होतं. एक दिवस गाडी धुताना स्क्रूभोवती रंग फुगलेला दिसला, नखाने खरवडला तर खाली पांढरी भुकटी. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटले आणि वर खारं पाणी मिळालं की अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात होते. बॅटरीचाच प्रकार आहे, शाळेत शिकलो होतो, आठवलं भोक पडल्यावर. आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आपल्या नेहमीच्या डेंटिंगवाल्याच्या हातचा नाही. त्याला वेगळी हत्यारं, वेगळं वेल्डिंग लागतं. तेव्हा या गाडीला ड्रिल लावू देऊ नका. जे लावायचं ते तयार भोकांत आणि वेगळ्या फ्यूजवरून.

विंचबद्दल दोन शब्द. विंच बसवायला पुढचा बंपर कापावा लागतो किंवा लोखंडी बंपर लावावा लागतो, आणि मग पार्किंग सेन्सर, एअरबॅग, सगळ्यांची गणितं हलतात. बसवल्यावरही ओढायला समोर मजबूत झाड लागतं, आमच्या पठारावर कमरेएवढी कारवी आहे. गावच्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर हा सह्याद्रीतला खरा विंच. मी ताणणारा दोर, तो अडकवायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या), फावडं आणि कंप्रेसर बाळगतो. दोर कधीही ट्रेलरच्या टो-बॉलला अडकवू नका. तो बॉल तुटला तर गोळीसारखा काच फोडून आत येतो.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. बंपरपुढच्या लोखंडी क्रॅशगार्डवर तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. रोज कुणी पकडत नाही हे खरं, पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेयर पहिली नजर तिथेच टाकतो. म्हणून रॅक, तंबू असली जी काही अ‍ॅक्सेसरी लावाल ती विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर चढवून घ्या.

लँड क्रूझर ३०० जानेवारी २०२३ मध्ये इथे आली तेव्हाच किंमत २ कोटी १० लाख होती, एक्स-शोरूम. ३.३ लिटरचं डिझेल, ७०० न्यूटन-मीटर, लॅडर चेसिस. तुमच्या बजेटच्या दुप्पट. ती घेऊन तुम्ही काहीही बदलणार नाही, बदलायची गरजही वाटणार नाही. मर्सिडीजच्या जी-क्लासला तीन डिफ-लॉक आहेत आणि गाडी खरोखर मुलूखगिरीची आहे, पण ती चिखलात घालणारा मालक मला अजून भेटायचाय.

मग रुबिकॉनच का नाही? कारण पाटणपर्यंत पोचायला आधी सातारा, त्याआधी पुणे आणि हायवे. भारतात तिला २ लिटरचं पेट्रोल टर्बोच मिळतं, आणि शंभरच्या पुढे छताचा, आरशांचा, टायरांचा असा काही आवाज येतो की मागे बसलेली आई दर दहा मिनिटांनी "काय म्हणालास?" विचारते. मागे सामानाला जागाही बेताची. डिफेंडरमध्ये तीच आई झोपते. माझं ऐंशी टक्के फिरणं रस्त्यावरचं आहे, भावाला धोंडे चढण्यातच मजा वाटते. तुमचं प्रमाण काय आहे ते तुम्हीच बघा, पण खोटं बोलू नका स्वतःशी. पैशाच्या बाजूने आणखी एक: रँग्लरची जुळणी २०२१ पासून रांजणगावला सुरू झाली, डिफेंडर स्लोव्हाकियात तयार होऊन आयात होत आली. महाराष्ट्रात आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के रोड टॅक्स लागतो. परराज्यातली स्वस्त डिफेंडर बघत असाल तर इथे नोंदवताना टॅक्सचा हा आकडा आधी धरा.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, आणि आदल्या रात्री मालकाला गाडी ऑफरोड उंचीवर सपाट जागी उभी करून ठेवायला सांगा. इंजिन सुरू करायच्या आधी चारही कमानींखाली टायरपर्यंतचं अंतर टेपने मोजा. एखादा कोपरा बसलेला दिसला तर तिथली पिशवी किंवा व्हॉल्व्ह गळतोय. मग खाली वाकून पोटाखालचे ओरखडे बघा, छताच्या कडेला कुणी भोकं पाडलीत का ते बघा. आणि टोकन देण्याआधी लॉकनटची चावी हातात मागा. मी नंतर मित्रांसाठी तीन गाड्या बघितल्या, त्यातल्या दोघा मालकांना ती कुठे आहे हेच माहीत नव्हतं.