गुलमर्गला चार दिवस: स्कीइंगसाठी खासगी शिक्षक घ्यावा का, आणि किती तास?

प्रश्न: आम्ही भुसावळचे. मी ४३, बायको ४०, मुलगी १२ वर्षांची. फेब्रुवारीत गुलमर्गला चार दिवस आहोत. बर्फावर कोणीच कधी उभं राहिलेलं नाही. स्कीइंगसाठी खासगी शिक्षक घ्यावा का? एक पूर्ण दिवस पुरेल का? तिथे फसवतात असंही ऐकलंय.

उत्तर:

शिक्षक घ्याच. फक्त एक अख्खा दिवस घेण्याऐवजी रोज सकाळी दोन तास, सलग तीन दिवस, आणि तिन्ही दिवस तोच माणूस, असं ठरवा. गुडघे वाकवून उभं राहायची सवय नसलेल्या मांड्या दोन-अडीच तासांत दमतात. दमला की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीची टोकं हलकी होऊन वळायचं नाव घेत नाहीत. अख्खा दिवस घेणारे लोक दुपारनंतर याच चुकीचा सराव करत राहतात.

खासगी शिकवणीत तुम्ही विकत घेता ती शिक्षकाची नजर. गटात आठ-दहा जण रांगेत उभे असतात. आपली पाळी येते, आपण उतरतो, एक वाक्य ऐकतो, परत रांगेत. तुमच्याकडे पंधरवडा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, औलीला गढवाल मंडल विकास निगम, हे सगळे अनेक दिवसांचे निवासी कोर्स घेतात आणि ते स्वस्तात चांगले पडतात. चार दिवसांत मात्र खासगी शिक्षकच परवडतो.

आता फसवणुकीचं. टॅक्सी थांबली की स्की, स्लेज, घोडा, गाईड असा घोळका जमतो. त्यात चांगले शिक्षकही असतात, पण ओळखायचे कसे? भारतात स्कीइंगचे बेसिक, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स असे टप्पे आहेत आणि त्यापुढे 'मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन', म्हणजे एमओआय. झकास स्की करणारा पोरगा शिकवू शकेलच असं नाही, म्हणून एमओआयचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका. मग हिंदीत स्पष्ट विचारा: भाव तासाचा की दिवसाचा, माणशी की तिघांचा मिळून? स्की, बूट, काठ्या, हेल्मेट त्यात धरलेत का? उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टचे पैसे कोण देणार? आणि शिकवणार तुम्ही स्वतःच ना? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बोलणी एक जण करतो आणि सकाळी उतारावर दुसराच उभा असतो, हा प्रकार नेहमीचा. ठरलेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

कोणी म्हणाला, 'पहिल्याच दिवशी फेज टूला नेतो', तर तिथेच नमस्कार करा. गुलमर्गचं मैदानच सुमारे २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. गोंडोलाचा, म्हणजे इथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत जातो, दुसरा, म्हणजेच फेज टू, अफरवत डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर. तिथले उतार तीव्र आहेत, बर्फ यंत्राने दाबलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. नवख्याची जागा खाली, मैदानाकडेच्या बारक्या उतारांवर, जिथे छोट्या ड्रॅग लिफ्ट, म्हणजे उभ्या माणसाला ओढत वर नेणाऱ्या लिफ्ट, आहेत. तुमचे तिन्ही दिवस तिथेच जावेत.

बुटांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शिकवणी बिघडते ती बहुधा इथे. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. घरीच भिंतीला टाच टेकवून उभे राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा, तिघांचे आकडे लिहून न्या. २६.५ आलं तर बूट २६.५ चाच. नेहमीच्या चपलेच्या नंबरावरून अंदाज केला की एक माप मोठं हातात येतं. घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं किंचित मागे यावीत. टाच उचलून पाहा. उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, आणि मोठ्या बुटात पाय वळतो पण स्की वळत नाही.

मोजा एकच, पातळ आणि गुडघ्याखालपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन लोकरी मोजे चढवणं ही आपल्याकडच्यांची हमखास चूक: रक्तपुरवठा दाबला जातो, पाय उलट जास्त गारठतो आणि तासाभरात बधिर होतो. थर्मलची पॅन्टही बुटात खोचायची नाही, तिची घडी नडगीवर अक्षरशः कोरते. हुक लावताना आधी घोट्याजवळचे आवळा, मग वरचे. बोटांजवळचे नुसते अडकवा. भाड्याचे बूट रात्री खोलीत ठेवायला मिळाले तर ठेवा. गारठलेलं प्लास्टिक इतकं कडक होतं की सकाळी पाय आत जाता जात नाही.

स्की नवख्यासाठी उभी धरल्यावर हनुवटीच्या आसपास यावी. पावणेसहा फुटाच्या माणसाला १५० ते १५५ सेंटिमीटर ठीक. दुकानदार लांब देत असेल तर नको म्हणा. लांब स्की वेगात स्थिर असते, पण हळू वळवायला जड जाते.

बूट स्कीला धरून ठेवतो तो बाइंडिंग. पडल्यावर तो सुटला पाहिजे, नाहीतर स्कीचा पीळ थेट गुडघ्यात जातो. किती जोर लागला की सुटायचं याचा आकडा पुढे आणि मागे दोन्हीकडे खिडकीत दिसतो. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती नवखे आहात यावरून तक्त्यात पाहून लावतात. तळव्याची लांबी टाचेच्या बाजूला मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. प्रौढ नवख्याचा आकडा बहुतेक वेळा ४ ते ६ च्या आसपास येतो, मुलीचा त्याहून बराच कमी. पन्नाशीनंतर प्रौढाचा आकडाही एक पायरी उतरवतात. दुकानदार नुसतं बघून स्क्रू फिरवत असेल तर थांबवा, वजन खरं सांगा, तक्ता बघायला लावा. दोन्ही स्कींवर आकडे सारखे आहेत का ते पाहा. आणि मध्येच बूट बदलले तर बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्या.

पहिला तास सपाटीवर जातो, त्याने नाराज होऊ नका. आधी एकाच पायात स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलत सरकायचं, मग पाय बदलायचा. स्की घालताना बुटाचं पुढचं टोक आधी, मग टाच खाली दाबायची; खट असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर बुटाच्या तळाला बर्फ चिकटलाय. काठीने खरवडून काढा. नुसता जोर लावाल तर अर्धवट अडकेल आणि पहिल्याच वळणावर निसटेल.

मग येतं उताराला आडवं उभं राहणं. खानदेशात हे समजावणं सोपं आहे. पाणी वाहून जाऊ नये म्हणून आपण उताराला आडवी पेरणी करतो, स्कीचंही तेच. पाणी ज्या रेषेने ओघळेल ती उताराची धार. स्की धारेला बरोबर आडव्या असल्या तर तुम्ही जागचे हलत नाही, जरा उभ्या झाल्या की निघालात. आडव्या स्कीने एकेक पाऊल चढायचं, वरच्या कडा बर्फात रुतवत. थांबणं, चढणं, पडल्यावर उठणं, सगळं या एकाच समजुतीवर चालतं. पडलात तर आधी दोन्ही स्की स्वतःच्या खालच्या बाजूला आणा, धारेला आडव्या करा, अंगाजवळ ओढा, मग उठा. स्की उताराकडे तोंड करून असतील तर उठल्या उठल्या परत घसराल. तोल जातोय असं वाटलं तर कुशीवर, उताराच्या वरच्या बाजूला पडा. मागे बसायचा किंवा पडता पडता सावरायचा प्रयत्न करू नका, गुडघ्याचे लिगामेंट तुटतात ते त्यातच.

त्यानंतर स्नो प्लाऊ, म्हणजे वेग आवरायची रीत. स्कीची टोकं जवळ, साधारण वीतभर अंतरावर, शेपट्या फाकलेल्या, वरून पाहिलं तर कौलारू छपरासारखा आकार. शेपट्या टाचांनी बाहेर ढकलायच्या आणि आतल्या कडा बर्फावर टेकवायच्या. छप्पर जितकं रुंद तितका ब्रेक जास्त. टोकं एकमेकांवर चढतात ते बहुधा मान खाली घालून टोकांकडे बघितल्याने किंवा एकाच पायावर भार गेल्याने. नजर दहा मीटर पुढे ठेवा, हात पुढे, जणू दोन्ही हातांत ताट धरलंय.

वळणं बहुधा दुसऱ्या दिवशी. डावीकडे वळायला उजव्या पायावर भार, उजवीकडे वळायला डाव्या. डोक्याला हे उलटं वाटतं, कारण सायकलवर आपण वळणाच्या आत झुकतो. स्कीवर नवखा आत झुकला की बाहेरची स्की हलकी होते आणि तो सरळ खाली सुटतो. चांगला शिक्षक इथे तुमच्यापुढे उलटं तोंड करून सरकतो आणि तुमच्या स्कीची टोकं हातात धरतो. जो खाली उभा राहून नुसता 'बेंड, बेंड' ओरडतो, त्याला दुसऱ्या दिवशी बदला. पोटऱ्या आखडायला लागल्या किंवा नडगीवर थडाथड आदळायला लागलं तर समजा तुम्ही मागे रेलताय. नडगी जिभेला सतत चिकटून राहिली तर ती आदळत नाही.

लिफ्टचं एकच सांगतो: ड्रॅग लिफ्टच्या चकतीवर बसायचं नसतं. ती मांड्यांमधून घेऊन उभं राहायचं, ती ओढते. बसलात की आडवे. पडलात तर सोडून द्या आणि वाटेतून पटकन बाजूला व्हा, मागून दुसरा येत असतो.

तुम्ही दोघे एका शिक्षकात भागवू शकता, पण मुलीचा तास वेगळा ठेवा. बारा वर्षांचं पोर बहुधा आईबापांच्या पुढे निघून जातं आणि शिक्षकाचं लक्ष तिकडे वळतं. तिच्या तासाला जवळ उभे राहून सूचना देऊ नका, एवढी विनंती. मुलं दोन आवाज एकदम ऐकू शकत नाहीत, आणि हेल्मेटमधून तर मुळीच नाही. हेल्मेट मात्र तिघांनाही हवंच.

कपडे: आपण कापसाच्या मुलखातले, पण बर्फावर सुती काहीच नको. बनियनसुद्धा नको. कापूस घाम धरून ठेवतो, आणि थांबलं की तोच घाम अंगावर गार पडतो. आत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, वर फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट आणि पॅन्ट. हातमोजे वॉटरप्रूफ, लोकरीचे दहा मिनिटांत भिजतात. रावेर-यावलकडे केळीला चरका बसतो ती थंडी आठ-दहा अंशांची. गुलमर्गला फेब्रुवारीत पारा रात्री शून्याच्या बराच खाली जातो. उन्हालाही हलकं घेऊ नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परत फेकतो, म्हणून गॉगल लागतोच, आणि सनस्क्रीन नाकाच्या खालच्या बाजूला व हनुवटीखालीही लावा. भाजतं ते तिथेच.

फेब्रुवारी निवडलात हे चांगलं केलंत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ महिनाभर कोरडे होते. तरी हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या. आणि रात्री फूटभर नवा बर्फ पडला तर आनंदाने लगेच त्यात उतरू नका. खोल भुसभुशीत बर्फात स्की बुडतात, शेपट्या फाकत नाहीत, म्हणजे ब्रेकच लागत नाही. तुडवून घट्ट झालेला उतार शोधून द्या, असं शिक्षकाला सांगा.

निघण्याआधी सहा आठवडे मांड्यांकडे बघा. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, ४५ सेकंद, तीनदा, एक दिवसाआड. आणि जिने उतरणं, कारण स्कीइंगमध्ये मांडी भार पेलत पेलत लांबते, तसंच उतरताना होतं. लिफ्ट सोडून चार मजले रोज उतरलात तरी फरक जाणवेल. प्रवास विमा काढत असाल तर त्यात हिवाळी साहसी खेळ धरलेत का ते वाचून घ्या. साध्या पॉलिसीत ते सहसा वगळलेले असतात.

झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत जाणार असाल तर पुढे श्रीनगरला वंदे भारत रेल्वे आहे; जून २०२५ मध्ये ती कटऱ्याहून सुरू झाली, तेव्हा कुठून सुटते ते आधी पाहून घ्या. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, पण बर्फ पडला की टंगमर्गपासून वरचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या असलेल्या गाडीनेच जावं लागतं. पोचलात त्या दिवशी स्की नको. पाणी प्या, बूट-स्की ठरवा, उतार नुसता पाहून या. म्हणजे तीन सकाळी शिकवणीच्या हातात राहतात. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा, शेवटच्या दुपारचं, पहिल्या टप्प्याचं, आणि स्की खालीच ठेवून जा. तिसऱ्या सकाळी तुम्ही सलग दहा वळणं न पडता घेतली आणि शिक्षक स्वतःहून म्हणाला, तरच कोंगदोरीच्या उतारावर स्की न्या, तेही त्याला सोबत घेऊन.