तीन अध्यापन पद्धतींची तुलना करायची आहे, पूर्वचाचणीचे गुणही आहेत. ॲनोव्हा वापरू की रिग्रेशन?

तुमचे मार्गदर्शक म्हणतात, ‘प्रयोग आहे, म्हणजे ॲनोव्हाच’, आणि पूर्वचाचणीच्या गुणांवरून मुलांचे उच्च, मध्यम, निम्न असे गट पाडायला सांगतात. मैत्रीण म्हणते रिग्रेशन कर. (ॲनोव्हा म्हणजे प्रसरण विश्लेषण, गटांच्या मध्यमानांत, म्हणजे सरासरींत, खरा फरक आहे का ते पाहणारं; रिग्रेशन म्हणजे प्रतिगमन, काही चलांवरून गुणांचा अंदाज बांधणारं समीकरण.) मैत्रिणीचं ऐका. उत्तर जरा लांबेल, कारण तुमच्या सरांचं हेच वाक्य मी एकदा भर सभागृहात ऐकून घेतलंय.

माझ्या पीएच.डी.चा आराखडा जवळपास तुमच्यासारखाच होता: वाचन आकलन, तीन पद्धती, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी. पूर्वचाचणीचे गुण मी जसेच्या तसे रिग्रेशनमध्ये घेतले होते आणि पद्धतींसाठी दोन डमी चल, म्हणजे मूल त्या पद्धतीत असेल तर 1, नसेल तर 0. प्रबंध जमा करण्याआधीच्या सादरीकरणाला बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. ती स्लाइड दिसताच हे सर म्हणाले, ‘प्रयोगाला ॲनोव्हा, सर्वेक्षणाला रिग्रेशन. हे तर एम.एड.लाच शिकवतात.’ बऱ्याच माना डोलल्या. माझ्या मार्गदर्शक मॅडम समोरच्या फाइलची दोरी सोडत-बांधत बसल्या.

मी त्याच डेटावर दोन्ही चालवले आणि प्रिंटआउट घेऊन सरांना भेटलो. फक्त पद्धत हा एकच चल ठेवला होता, म्हणजे पळवाट नको. ॲनोव्हाच्या तक्त्यातलं एफ मूल्य (गटांमधला फरक गटांच्या आतल्या फरकाच्या किती पट, ते) आणि रिग्रेशनच्या तक्त्यातलं एफ मूल्य शेवटच्या दशांशापर्यंत एक. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून पाहिले आणि म्हणाले, ‘योगायोग असेल.’

तो योगायोग नव्हता, हे कागद-पेन घेऊन कुणालाही पाहता येतं. समजा, तीन गटांची उत्तरचाचणीची मध्यमानं 12, 15 आणि 18 आहेत. पारंपरिक पद्धत आधार धरा आणि उरलेल्या दोन पद्धतींना एकेक डमी द्या. रिग्रेशनमधला स्थिरांक येतो 12, सहगुणक येतात 3 आणि 6. म्हणजे पहिल्या गटाचं मध्यमान आणि त्यापासून बाकीच्या दोघांचं अंतर. ॲनोव्हा दुसरं काय मोजतो? एकूण विचलनापैकी 20 टक्के गटांमुळे असेल तर रिग्रेशनचा आर-वर्ग 0.20 येणार, आणि मुलं 90 असतील तर दोन्हीकडे एफ सुमारे 10.88 येणार. हिशेब एकच, फक्त तक्ता वेगळ्या तऱ्हेने छापलेला. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1968 साली हे सविस्तर मांडलं होतं, म्हणजे त्या सरांना वाचायला भरपूर अवधी मिळाला होता.

मग ही ‘प्रयोगाला हे, सर्वेक्षणाला ते’ अशी वाटणी आली कुठून? संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी प्रसरण विश्लेषण, म्हणजे ॲनोव्हा, घडवलं ते इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात. 1925 च्या त्यांच्या पुस्तकातून ते सगळीकडे पसरलं. सहसंबंध आणि प्रतिगमन (रिग्रेशन) आले गाल्टन-पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या घराण्यातून, माणसामाणसांतले फरक मोजता मोजता. दोन घराणी इतकी वेगळी राहिली की 1957 साली मानसशास्त्रज्ञ क्रॉनबाख यांनी मानसशास्त्राच्या या दोन शाखा एकमेकींशी बोलत नाहीत अशी जाहीर तक्रार केली. शिक्षणशास्त्राने दोन्हीकडून उचललं, भांडणासकट. पण फिशर यांच्या शेतात कोणत्या तुकड्याला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आपण त्यांचा तक्ता घेतला आणि चिठ्ठ्या तिथेच ठेवून आलो. आपल्याकडे कोणती पद्धत कोणत्या वर्गाला हे वेळापत्रक ठरवतं.

आता ते उच्च-मध्यम-निम्न. माझा खरा राग त्याच्यावर आहे. माझी पूर्वचाचणी 40 गुणांची होती. सरांच्या सांगण्यावरून रेषा 24 वर मारली. 23 मिळवणारं मूल मध्यम झालं, 24 वालं उच्च, आणि ते 24 वालं आणि 39 वालं एकाच खोक्यात, जणू त्यांच्यात फरकच नाही. चाचणी तयार करायची, तिची विश्वसनीयता काढायची, कलम-विश्लेषण (एकेका प्रश्नाची तपासणी) करायचं आणि मग त्या 40 पायऱ्यांच्या तीन करून टाकायच्या! मध्यगेवर (अर्धी मुलं वर, अर्धी खाली) दोनच तुकडे केलेत तर, गुण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वक्रात असताना, सहसंबंध मूळच्या सुमारे 0.8 पटच उरतो. आर-वर्गातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेला. तीन तुकडे केले की नुकसान कमी होतं, पण होतंच. बरं, बुद्धिमत्ता आणि अभिरुची असे एकमेकांशी बांधलेले दोन चल तोडलेत तर उलटंही घडतं, जो परिणाम मुळात नाही तो सार्थक (निव्वळ योगायोग नसलेला) दिसू लागतो.

‘मग कमकुवत मुलांना कोणती पद्धत मानवते हे कसं कळणार?’ असं तुम्हाला विचारतील. पूर्वचाचणी आणि डमी यांचे गुणाकार समीकरणात घाला. गुणाकाराचा सहगुणक उणे आणि सार्थक आला, तर त्या पद्धतीचा फायदा खालच्या मुलांना जास्त झाला. आंतरक्रिया म्हणतात ती हीच. गट पाडावे लागत नाहीत.

माझं शेवटी काय झालं? प्रबंधाच्या मुख्य प्रकरणात तीन पद्धती आणि तीन गट असा 3×3 चा तक्ता गेला, रिग्रेशन परिशिष्टात. सही झाली. मॅडम म्हणाल्या, ‘पदवी घे, मग भांड.’ ते मी इथे करतोय.

तुमच्यापुढे व्यवहाराचा तोडगा आहे. शीर्षकात ‘सहप्रसरण विश्लेषण’ म्हणजे ॲन्कोव्हा लिहा. नावात ॲनोव्हाचा वास आहे, त्यामुळे मार्गदर्शक खूश. आत रिग्रेशनच आहे. आधी फक्त तिन्ही गटांत पूर्वचाचणी-उत्तरचाचणीच्या रेषांचे उतार समांतर आहेत का ते वरच्या गुणाकारांनी तपासा. समांतर नसतील तर ‘समायोजित मध्यमान’ (पूर्वचाचणीतला फरक लक्षात घेऊन काढलेलं) एकच सांगण्यात अर्थ नाही.

रिग्रेशन सगळ्याला औषध नाही, हेही सांगायला हवं. पूर्वचाचणीची विश्वसनीयता कमी असेल तर समायोजन अर्धवट होतं, आणि मुळात वेगळे असलेले गट कागदावर सारखे करू गेलात तर 1967 मध्ये मानसमापनतज्ज्ञ लॉर्ड यांनी दाखवलेल्या विरोधाभासात अडकता: गुणवाढ तपासणारा एक सांगतो, समायोजन करणारा दुसरंच, आणि गणित दोघांचंही बरोबर. मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत घातली असतील तर साधा ॲनोव्हाही चुकीचा नाही, फक्त पूर्वचाचणीची माहिती वाया जाते.

आणि तुमच्या सरांनी आणि मैत्रिणीनेही न विचारलेला प्रश्न: किती वर्ग? 30-30 चे तीन वर्ग आणि प्रत्येक पद्धतीला एक, असं असेल तर पद्धतीचा परिणाम आणि त्या शिक्षकाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, कोणत्याही तंत्राने. शिवाय एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी होत जातात. हे साम्य, म्हणजे वर्गांतर्गत सहसंबंध, 0.2 धरला तर 1 + 29 × 0.2 म्हणजे 6.8 ने भागा (29 म्हणजे वर्गातली बाकीची मुलं). तुमची 90 मुलं माहितीच्या दृष्टीने 13 उरतात. ब्रिटनमध्ये 1976 साली शिक्षण-संशोधक नेव्हिल बेनेट यांनी औपचारिक अध्यापन सरस असल्याचा निष्कर्ष काढला होता, बराच गाजला. 1981 मध्ये संख्याशास्त्रज्ञ एटकिन आणि खुद्द बेनेट यांनी मुलं वर्गांत विभागलेली असतात हे धरून तोच डेटा पुन्हा तपासला, तेव्हा ते फरक सार्थक उरले नाहीत. वर्ग पुरेसे असतील तर बहुस्तरीय प्रतिमान (मुलं आणि वर्ग हे दोन स्तर वेगळे धरणारं) लावा. किती म्हणजे पुरेसे, यावर वेगळा प्रश्न टाका, हे उत्तर आधीच फार लांबलंय.

डेटा अजून भरायचा असेल तर शीटमध्ये तुकडी आणि शिक्षक असे दोन रकाने आजच घाला. माझ्या शीटमध्ये शिक्षकाचा रकाना होता. सादरीकरणात त्याबद्दल कुणीच काही विचारलं नाही.