निसर्ग आणि पुराणकथा यांवर आधारलेले आध्यात्मिक पुष्पार्क स्वतः कसे तयार करावेत?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत : फुलांचे आध्यात्मिक अर्क स्वतःच्या हाताने कसे करावेत, आणि त्यांना पुराणकथांचा आधार द्यायचा झाल्यास कोणत्या फुलाला कोणती कथा जोडावी. मी गेली काही वर्षे स्वतःपुरते असे अर्क करत आले आहे. ते विकत नाही आणि कोणाला औषध म्हणूनही देत नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नातील ‘जोडावी’ हा शब्द मला थोडा खटकला. कथा बाहेरून आणून फुलाला चिकटवली की बाटलीवरचे नाव तेवढे सुंदर होते. फूल केव्हा उमलते, केव्हा मिटते, कसे गळते, त्याच्यावर कोण येऊन बसते, हे निदान एक ऋतूभर पाहावे आणि त्या वागण्यात कथेची खूण सापडते का ते तपासावे. सापडली नाही, तर त्या फुलाचा अर्क कथेविना करावा. त्यात काही उणे राहत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. मराठीत अर्क म्हटले की ऊर्ध्वपातन करून काढलेले, वास आणि चव असलेले द्रव्य डोळ्यांसमोर येते. पुष्पार्क तसा नसतो. त्याला फुलाचा वास जवळजवळ येत नाही आणि सुगंधी तेल, गुलाबपाणी किंवा अत्तर यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. फुले पाण्यावर काही तास ठेवायची, ते पाणी गाळून मद्य घालून टिकवायचे आणि मग त्याचे थेंब पुन्हा पाण्यात विरळ करायचे, एवढीच ही कृती आहे. (गंमत अशी, की द्रव्याच्या अर्थाचा ‘अर्क’ आपल्याकडे अरबीतून आला आणि तेथे त्याचा मूळ अर्थ घाम असा आहे, तर संस्कृतातील ‘अर्क’ म्हणजे सूर्य आणि रुईचे झाडही. उन्हात करायच्या या द्रवाला दोन्ही अर्थ योगायोगाने शोभतात.)

या पद्धतीला आजचे रूप दिले ते इंग्लंडमधील डॉक्टर एडवर्ड बाख (१८८६–१९३६) यांनी. ते मुळात जिवाणूशास्त्राचे अभ्यासक होते, पुढे होमिओपॅथीकडे वळले आणि १९३० मध्ये लंडनमधील व्यवसाय सोडून रानावनांत फुले शोधत फिरू लागले. पहाटेच्या दवावर ऊन पडले की फुलाचा गुण त्या दवात उतरतो, अशी त्यांची धारणा होती. दव गोळा करणे फार किचकट असल्यामुळे त्यांनी काचेच्या भांड्यातील झऱ्याच्या पाण्यावर फुले पसरून ते उन्हात ठेवण्याची युक्ती काढली. त्यांच्या ३८ द्रव्यांपैकी २० या सूर्यपद्धतीने आणि १८ उकळून केली जातात. त्यांतील ‘रॉक वॉटर’ हे तर फुलाचे नसून निव्वळ झऱ्याचे पाणी आहे. बाख यांनी भीती, अनिश्चितता, एकाकीपणा अशा मनाच्या अवस्थांनुसार आपली द्रव्ये लावली. त्या मांडणीत देवता आणि पुराणकथा नाहीत. तो धागा पुढे इतरांनी आणला. म्हणून पुष्पार्कांना कोणी ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणू लागले, तर आपण सावध राहावे.

सूर्यपद्धत अशी : निरभ्र सकाळ निवडावी. साधे, नक्षी नसलेले पातळ काचेचे भांडे उकळत्या पाण्याने स्वच्छ करून त्यात झऱ्याचे किंवा गाळलेले शुद्ध पाणी भरावे आणि झाडाजवळच, सावली पडणार नाही अशा जागी ठेवावे. पूर्ण उमललेली, फवारणी न झालेली फुले एकाहून अधिक झाडांवरून घ्यावीत आणि पाण्याचा पृष्ठभाग झाकला जाईल अशी पसरावीत. साधारण तीन तासांनी, किंवा फुले त्याआधी मलूल होऊ लागली तर तेव्हाच, त्याच झाडाच्या काडीने ती उचलावीत. बोटे पाण्याला लावू नयेत. यामागे भावना आहे तशी स्वच्छताही आहे. उकळण्याच्या पद्धतीत फुलांसह डहाळ्या अर्धा तास उकळून, थंड करून, पाणी गाळून घेतात. बाख यांनी ती मुख्यतः वर्षाच्या सुरुवातीला, ऊन कोवळे असताना फुलणाऱ्या झाडाझुडपांसाठी वापरली.

पारिजातकाच्या बाबतीत ही सूर्यपद्धत आणि कथा एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहिल्या. एका राजकन्येचे सूर्यावर प्रेम जडले, त्याने तिला अव्हेरले, तिने स्वतःला जाळून घेतले आणि तिच्या राखेतून जे झाड उगवले त्याची फुले सूर्याचे तोंड पाहावे लागू नये म्हणून रात्री उमलून पहाटे गळतात, अशी त्याची कथा आहे. लिनीअसने दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘आर्बर-ट्रिस्टिस’ या शब्दांचा अर्थही ‘दुःखी वृक्ष’ असाच होतो. हे सगळे ठाऊक असूनही पहिल्या वर्षी मी पुस्तकी नियमाने ती फुले उन्हात मांडली. तासाभरात पाकळ्या तपकिरी पडल्या, पाण्याला शिळा वास येऊ लागला आणि ते पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून द्यावे लागले. पुढच्या वर्षी मी भांडे संध्याकाळीच झाडाखाली ठेवले, रात्री फुले आपोआप गळून पाण्यावर येऊ दिली आणि पूर्वेला उजळण्याआधी भांडे उचलले. एकही फूल तोडले नाही. बाख यांच्या नियमात हे बसत नाही, परंतु ज्या फुलाची अख्खी कथाच उन्हाला पाठ फिरवण्याची आहे, त्याला उन्हात बसवण्यात मला अर्थ दिसत नाही. हा अर्क मी कोणाच्या नकाराचा सल मनात राहिलेला असताना जवळ ठेवते.

कथा फुलाच्या अंगात किती खोल असू शकते, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उदाहरण केतकी आहे. शंकराच्या ज्योतिर्लिंगाचा अंत शोधायला निघालेल्या ब्रह्मदेवाने आपण वरचे टोक पाहिल्याचे खोटेच सांगितले, केतकीने त्याची खोटी साक्ष दिली आणि म्हणून शंकराने तिला आपल्या पूजेतून वगळले, ही कथा आपण ऐकली असेलच. आता केवड्याचे कणीस हातात घेऊन पाहा. ज्याला आपण केवड्याची सुवासिक पाकळी म्हणतो ती पाकळी नसते. ती फुलोऱ्याला वेढणारी पाने असतात आणि खरी फुले आत बारीक, न दिसणारी असतात. असा सुगंध नर झाडाच्याच फुलोऱ्याला येतो. म्हणजे हे फूल दिसण्यातच एक साक्ष देते आणि आत काही वेगळेच असते. हे लक्षात आल्यावर मला त्या कथेसाठी वेगळा अर्थ शोधावा लागला नाही. आपण सांगितलेले आणि आपण केलेले यांत अंतर पडले आहे असे जाणवते, तेव्हा मी केतकीचा अर्क घेऊन बसते. तिच्या पानांच्या कडांना काटे असतात, तेव्हा जाड हातमोजे घालावेत.

कमळाबद्दल थोडक्यात. विष्णूच्या नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव बसतो. आणि प्रत्यक्षातही कमळाचे फूल स्वतः उष्णता निर्माण करते, हवा १० अंशांपर्यंत थंड असली तरी आतले तापमान ३० ते ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास राखते. सृष्टीच्या जन्मस्थानाला याहून योग्य फूल कोणते असेल, हे मला सुचत नाही. ते मी तोडत नाही. उघड्या फुलात थोडे पाणी ओतते आणि तासाभराने काढून घेते.

आता जो भाग सांगण्यासाठी मी मुख्यतः हे उत्तर लिहायला घेतले, तो. पुराणकथा ज्या फुलांभोवती दाट जमतात, त्यांतली बरीच फुले विषारी आहेत. शंकराशी जोडलेली धोतरा, कण्हेर आणि रुई ही तिन्ही विषारी आहेत. हेराक्लिसने पाताळातून ओढून आणलेल्या सर्बेरस या कुत्र्याच्या लाळेतून उगवला असे ग्रीक कथा सांगते तो बचनागाचा वर्ग अत्यंत जहाल आहे. कळलावीत कोल्चिसीन, धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामाइन, कण्हेरीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. कण्हेर ज्या पाण्यात ठेवली ते पाणीही धोक्याचे असते आणि उकळल्याने ते विष जात नाही. ‘आपण इतके विरळ करतो, मग काय बिघडते’ हा युक्तिवाद मी ऐकला आहे. मूळ अर्क कोणताही मोजमाप न करता घरी केलेला असतो, बाटल्यांची अदलाबदल होऊ शकते आणि घरात मुले असतात, त्यामुळे तो मला मान्य नाही. या फुलांची कथा आपल्याला ओढत असेलच, तर अप्रत्यक्ष पद्धत वापरावी : पाण्याने भरलेले, झाकण लावलेले भांडे त्या झाडाशेजारी ठेवावे, फूल किंवा त्याचा चीक पाण्याला लागू देऊ नये. जे फूल खाण्याजोगे आहे याची आपल्याला पक्की खात्री नाही, ते पाण्यात घालू नये, हा नियम मी स्वतःसाठी अपवादाविना ठेवला आहे.

नावांचा सापळाही असाच नकळत पकडतो. क्लायटी ही जलकन्या सूर्यदेवाकडे पाहत पाहत फूल झाली, ही रोमन कवी ओव्हिडने सांगितलेली कथा सर्रास सूर्यफुलाच्या अर्काला लावलेली दिसते. पण सूर्यफूल हे अमेरिका खंडातले झाड आहे आणि ओव्हिडच्या काळी युरोपात ते कोणी पाहिलेलेही नव्हते. झेंडूही अमेरिकेतूनच आलेला, त्यामुळे त्याला एखादी वैदिक कथा लावणे हास्यास्पद ठरते. मेक्सिकोतील मृतांच्या स्मरणाशी असलेले त्याचे नाते मात्र खरे आहे. इजिप्तच्या देवांच्या हातातील ‘नीलकमळ’ वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने कमळ नसून कुमुदाच्या वर्गातले आहे. आणि ज्या पारिजातकाविषयी मी वर इतके लिहिले, ते नाव संस्कृत कोशांत पांगाऱ्यालाही दिलेले आढळते. म्हणजे समुद्रमंथनातून निघालेले आणि कृष्णाने सत्यभामेसाठी आणलेले झाड नेमके कोणते, यावर वाद होऊ शकतो. मी राजकन्येची कथा धरली, कारण तिच्यात वर्णन केलेले वागणे याच झाडाचे आहे.

टिकवण्याचे काम फारसे आध्यात्मिक नाही, पण तेथेच सर्वाधिक अर्क वाया जातात. गाळलेल्या पाण्यात तेवढीच, ४० टक्के मद्यार्क असलेली ब्रँडी मिसळली की मिश्रणात सुमारे २० टक्के मद्यार्क राहतो आणि बुरशी-जिवाणूंना आवर बसतो. मद्य नको असेल तर खाण्याचे वनस्पतिजन्य ग्लिसरीन पाण्याच्या दुप्पट घालावे. मी एकदा ‘निसर्गाचे निसर्गाला’ अशा उत्साहात नुसत्या पाण्यातच गुलाब ठेवला. आठवड्याभरात बाटलीच्या तळाशी पांढरे तंतू दिसू लागले, कारण परागकण आणि पाणी एकत्र असले की दुसरे काही होणे शक्य नव्हते. या मूळ अर्काचे दोन थेंब ब्रँडीने भरलेल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत घालून साठ्याची बाटली करतात आणि तिच्यातले पुन्हा दोन थेंब ३० मिलिलिटर पाण्यात घालून वापराची बाटली होते. एका मिलिलिटरला २० थेंब धरले, तर पहिल्या पायरीला अर्क तीनशे पटींनी आणि दुसरीला एकूण नव्वद हजार पटींनी विरळ होतो. वापराच्या बाटलीत मद्य नाममात्र राहते, म्हणून ती थंड जागी ठेवून दोन-तीन आठवड्यांत संपवावी.

या हिशेबावरूनच, आपण न विचारलेला पण मनात असणारा प्रश्न पुढे येतो : याने काही होते का? पूरक उपचारपद्धतींचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी बाख यांच्या द्रव्यांवरील नियंत्रित चाचण्यांचा जो आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ही द्रव्ये नुसत्या पाण्या-मद्याच्या खोट्या मात्रेपेक्षा सरस ठरली नाहीत, असा निष्कर्ष आहे. मला तो पटतो. बाटलीतील थेंब माझे दुःख रासायनिक रीतीने हलके करतात असे मी मानत नाही, आणि नैराश्य, झोप उडणे किंवा सतत घाबरणे यांवर हे उपचार म्हणून कोणाला सुचवतही नाही; त्यासाठी डॉक्टर आहेत. रात्री झाडाखाली भांडे ठेवणे, पहाटे उठून ते उचलणे, महिनाभराने बाटली हातात घेतल्यावर ती पहाट आठवणे, आणि थेंब जिभेवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसणे, हे मात्र मी खरोखर करते आणि त्याचा मला उपयोग होतो. कथा त्या पाच मिनिटांना बसण्यासाठी जागा देते.

सुरुवात विषारी नसलेल्या, रोज दिसणाऱ्या फुलापासून करावी; जास्वंद किंवा फवारणी न केलेला देशी गुलाब चांगला. बाटलीवर फुलाचे नाव, झाडाची जागा, तारीख, उचलल्याची वेळ, त्या दिवशीचे आभाळ आणि मिसळलेले द्रव्य एवढे लिहावे. कथा बाटलीवर न लिहिता वहीत लिहावी, कारण दुसऱ्या ऋतूत तेच फूल नीट पाहिल्यावर ती बऱ्याचदा बदलावी लागते. माझ्या वहीत जास्वंदीच्या पानावर आतापर्यंत तीनदा खाडाखोड झाली आहे.