शर्टावरचे नाव

"ताई, याला तुमच्या वसतिगृहात घ्या. माझ्याजवळ राहून वाटोळं होईल त्याचं." इंदूरच्या एका बालसंस्थेत समुपदेशन करताना ही विनवणी मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकली आहे. ती करणारी आई मुलाला टाकायला नव्हे, वाचवायला आलेली असते.

रामबागेतील एक विधवा बाई (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) साड्यांना फॉल-पिको करून घर चालवत. लग्नसराईत रात्री नऊपर्यंत मशीन चाले आणि नऊ वर्षांचा मुलगा गल्लीत भटके. तिसऱ्या भेटीला त्या भरलेली पिशवीच घेऊन आल्या. वसतिगृहात कपडे हरवू नयेत म्हणून प्रत्येक शर्टाच्या कॉलरमागे त्यांनी लाल दोऱ्याने मुलाचे नाव घातले होते. दोन शर्टांवर मात्र नुसती सुईची भोके उरली होती.

"दोरा कच्चा निघाला," बाई म्हणाल्या.

मुलगा खाली बघत म्हणाला, "मी उसवलं. नाव नसलं तर ठेवून घेणार नाहीत ना?"

बाईंनी शर्ट मांडीवर ओढला आणि त्या भोकांवरून बोट फिरवत राहिल्या. अशा वेळी सल्ल्याची घाई आवरणे हेच माझ्या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि त्या दिवशी ते मला साधले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, याला काही कळत नाही."

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मुलाला आईच्या किंवा तिच्या जागी असलेल्या माणसाच्या सततच्या सहवासाची गरज मांडली. मीही त्याच विचाराची. पण रिकाम्या पोटाला सहवास पुरत नाही, म्हणून मी आधी विचारते, दिवसातला नेमका कोणता वेळ हातातून निसटतो? या बाईंचा संध्याकाळचा निसटत होता, आणि तेवढ्यासाठी मूल चोवीस तास दूर करण्याची गरज नव्हती.

आमची संस्थाही हे उशिराच शिकली. आरंभी आम्ही खाटा मोजून कामाचा हिशेब देत असू. पुढे शाळेची फी, मग घरभेटी, आणि अशा आयांमुळे संध्याकाळचा अभ्यासवर्ग आला, जो लग्नसराईत जेवणासह नऊपर्यंत चालतो. २०१५ चा बाल न्याय कायदाही संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानतो. विधवा मातेच्या मुलाला केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून दरमहा ४,००० रुपयांची स्पॉन्सरशिप मिळू शकते. शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते, आणि चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी.

तो मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि बाईंची तक्रार मोबाइलची असते. लहान मुलांबरोबर अभ्यासवर्गात बसायला त्याला लाज वाटते. या वयाच्या मुलांसाठी काय करावे, यावर आमच्या बैठकी चालू आहेत.