एटीकेटी ‘लागते’ की ‘मिळते’?

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. निकाल लागल्यावर तिने ‘एटीकेटी लागली’ असे सांगितले, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘नापास झाली’ असाच घेतला. या शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो आला कोठून?
— एक वाचक, मालवण

उत्तर : ‘अलाउड टू कीप टर्म्स’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे म्हणजे एटीकेटी. काही विषय राहिले असले, तरी विद्यार्थ्याला पुढच्या वर्गात बसून तेथील सत्रे भरण्याची मुभा आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. राहिलेले विषय पुन्हा परीक्षा देऊन सोडवावे लागतात, हे खरेच. परंतु कन्येचे वर्ष वाया गेलेले नाही, हे घरी अवश्य सांगावे.

‘टर्म’चे मूळ लॅटिनमधील ‘तेर्मिनुस’ म्हणजे सीमा या शब्दात आहे. हद्द घालून दिलेला काळ तो टर्म. इंग्लंडमध्ये टर्म राखणे म्हणजे तेवढ्या काळात संस्थेत ठरावीक हजेरी लावणे, आणि लंडनमधील बॅरिस्टरांच्या संस्थांत तर ही हजेरी सामुदायिक भोजनाला बसून भरावी लागे. ज्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर अशाच एका संस्थेतून, ग्रेज इनमधून, बॅरिस्टर झाले.

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभे राहिले. प्रारंभी ते स्वतः शिकवत नसे, केवळ परीक्षा घेई; त्यामुळे उमेदवाराने संलग्न महाविद्यालयात टर्म भरल्याचा दाखला महत्त्वाचा ठरे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत आली, आणि ही परिभाषा दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत घरोघरी पोहोचली.

आता क्रियापदाविषयी. ठेच लागते, दंड लागतो, तशीच एटीकेटी ‘लागली’ असे मुले म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ती शिक्षा वाटते. मुभा मात्र मिळत असते. म्हणून ‘एटीकेटी मिळाली’ हाच प्रयोग मला अधिक योग्य वाटतो. गैरसमजाला आणखी एक कारण आहे. बोलण्याच्या ओघात या शब्दाची ‘केटी’ झाली आणि परवानगी सांगणारी पहिली दोन अक्षरेच गळून पडली. पुढे राहिलेल्या विषयालाच केटी म्हणू लागले, त्यामुळे ‘माझ्या दोन केटी आहेत’ असे अनेकवचनही आज सर्रास ऐकू येते.