पहिल्या लेंटला निघालेल्यांसाठी

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपासकाळ. त्यात काय सोडू, हा तुमचा पहिला प्रश्न. माझाही तोच होता. पहिल्या वर्षी मी गोड, चहा, मोबाइल असं सगळं एकदम सोडलं आणि दहाव्या दिवसापर्यंत घरच्यांवर खेकसत होतो. उपास झाला, प्रार्थना मात्र राहूनच गेली. म्हणून एकच गोष्ट सोडा. तिची आठवण येईल त्या क्षणी दोन वाक्यं देवाशी बोला. सोडण्याचा उपयोग एवढाच. वाचलेले पैसे गरजूला द्या, नाहीतर ते नुसतं डाएट.

वाचायला बायबलमधले मत्तय 6 आणि यशया 58 हे अध्याय घ्या. पहिला म्हणतो, उपास लपवा, तोंड धुवा. दुसरा विचारतो, भुकेल्याला भाकरी दिली का? मला दुसरा जास्त बोचतो.

राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलंत तर 46 दिवस भरतील. चुकलं नाही, रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, तो चाळिसात धरत नाहीत.

मधेच नेम मोडेल. बहुतेक तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा सगळं गुंडाळून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बसा. माझी खरी प्रार्थना अशाच एका सकाळी सुरू झाली.